सत्तेचाळिसावा ब्लॉक

विक्रोळीत, सहाव्या मजल्यावर,
न उघडणाऱ्या खिडकीशी बसून
मी वारा लिहिते.
आजचा नाही, उद्याचा.

दिवसाचे शहाण्णव तुकडे, पंधरा-पंधरा मिनिटांचे,
आणि प्रत्येकात एक आकडा:
पाटणच्या वरच्या सड्यावर
चौऱ्याऐंशी पवनचक्क्या
तेवढ्या वेळात किती मेगावॉट कातील.
चुकलं तर दंड,
कमी निघाला तरी, जास्त निघाला तरी.
आईला सांगितलं, तर ती भाजी निवडायची थांबली.
जास्त वाऱ्याचाही दंड?
आणि तो भरतो कोण, वारा?

ह्या खोलीत वारा असा नाहीच.
एसीच्या जाळीला कुणीतरी लाल रिबन बांधलीय,
ती चोवीस तास एकाच दिशेला फडफडते.
काचेपलीकडे मिठागरं, खाडी, तिवरं.
तिवरं हलताना दिसतात, ऐकू येत नाहीत.

तातोबा शेडग्यांचा फोन रोज चारला.
एकतीस नंबरच्या चक्कीखाली ते राखणीला असतात.
ती जमीन त्यांचीच होती, वरकस, नाचणीची.
आता तिच्यावर ड्यूटीला जातात.
"पंच्याहत्तर फिरत्यात मॅडम. नऊ मेलेल्याच."
मेलेल्या म्हणजे
बनवणारी कंपनी बुडाली,
गिअरबॉक्स परदेशी, अजून बोटीवर चढलेला नाही,
आणि तो येईपर्यंत
पात्यांच्या सावल्या नाचणीवर नुसत्या पडून राहतात.

परवा म्हणाले,
"उद्या अकराच्या पुढं सुटणार बघा.
कुसळ ओलं लागतंय, आन् घारी लई खालनं."
मॉडेल म्हणत होतं, दिवसभर पडलेलाच राहील.
मॉडेल तीन उपग्रह बघतं.
कुसळाचा कॉलम त्यात नाही.
मी लिहिलं: अकरा मेगावॉट.

दुसऱ्या दिवशी सत्तेचाळिसाव्या ब्लॉकला,
म्हणजे साडेअकराला,
पडद्यावरची आडवी रेघ
वर्गात न विचारता उभं राहणाऱ्या पोरासारखी
उभीच राहिली.
एकोणचाळीस. अठ्ठावन्न. त्रेसष्ट.
पावणेबाराला कळव्याहून हुकूम: कमी करा, लाईन भरली.

मी तातोबांना फोन लावला.
पलीकडे नुसता घोंघाट, मग त्यांचा आवाज:
"दारात आल्याला माघारी लावायचं म्हंता?"
हो, म्हटलं.
वीस चक्क्यांनी पाती कडेवर वळवली,
ओळखीचं माणूस समोरून येताना दिसलं की
आपण फुटपाथ बदलतो, तशी.

त्या दुपारी खालच्या मॉलवर नवी पाटी लागली,
हिरव्या अक्षरांत:
ही इमारत शंभर टक्के वाऱ्यावर चालते.
आत सरकते जिने
कुणालाच न घेता वर चढत होते.
तातोबांना वाचून दाखवली.
म्हणाले, "मंग आमच्यासारकीच की."

दंडाचा हिशेब महिनाअखेरीला येईल.
साहेबांनी कारण मागितलं.
रकान्यात लिहिलं: स्थानिक परिणाम.
दोन शब्द.
तातोबा त्यात मावतात की नाही,
मी दोनदा वाचून बघितलं.

आज चार वाजायची वाट न बघता
मीच फोन केला.
कुसळ कसंय?
ते थोडा वेळ बोलले नाहीत.
फोनमध्ये पात्यांचा आवाज येत राहिला,
ओलं धोतर कुणीतरी सावकाश झटकावं तसा.
"कोरडंय," म्हणाले. "तुमचं यंत्र किती म्हंतंय?"
बावीस.
"न्हाई वाटत. पर माझं खरं धरू नगा.
चूक माझी व्हायची, आन् पैसं तुमचं जायचं."

सत्तेचाळिसाव्या ब्लॉकमधले बावीस पुसून
मी अठरा लिहिले.
खालचे चार कुणी काढले, ते नोंदवायला
सॉफ्टवेअरमध्ये जागा नाही.
मग खुर्चीवर चढून
जाळीची रिबन सोडली,
आणि कुठे बांधावी ते न कळून
पर्समध्ये टाकली.